‘साठी बुद्धी नाठी’ : स्मृतिभ्रंश-संशोधनाचा मागोवा आणि सोलापूर

‘साठी बुद्धी नाठी’ या जुन्या म्हणीत एक निरीक्षण आहे आणि एक चूकही. उतारवयात काहींची स्मृती व विवेक ढासळतो हे निरीक्षण. तो वयाचाच धर्म होय, ही चूक. ‘म्हातारचळ’ हा शब्दही याच समजुतीतून रूढ झाला. सोलापुरातील सात रस्ता येथून आयुष्यभर ये-जा केलेल्या वृद्धास एके दिवशी घराची वाट कोणती हेच कळेनासे झाले, तर ते रोगाचे लक्षण असू शकते. घरची मंडळी मात्र ‘आता वय झाले’ एवढेच म्हणतात. या वाक्याने संशोधकांनाही दीर्घकाळ चकविले, असे या विषयाचा इतिहास पाहता दिसून येते.

१९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात अलॉइस अल्झायमर यांनी ऑगुस्ट डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीस तपासले. तिच्या मृत्यूनंतर, १९०६ साली, त्यांनी तिच्या मेंदूतील विकृती मांडली आणि १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी या रोगास अल्झायमर यांचे नाव दिले. स्त्री पन्नाशीची होती म्हणून हा ‘रोग’ ठरला. ऐंशीव्या वर्षी तीच लक्षणे दिसली असती तर ते वार्धक्य मानले गेले असते. दोन्ही अवस्था मूलतः एकच होत, हे रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे मांडावयास १९७६ साल उजाडले.

भारतात अडचण आणखी निराळी होती. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेल्या आणि जगभर रूढ झालेल्या स्मृतिचाचणीत वाचणे व लिहिणे गृहीत धरलेले होते. शाळेचे तोंड न पाहिलेली वृद्धा अशा चाचणीत सहजच ‘रोगी’ ठरणार. हरियाणातील बल्लभगड येथील भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात या चाचणीची हिंदी आवृत्ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘डोळे मिटा’ ही लेखी सूचना वाचावयास देण्याऐवजी परीक्षकाने स्वतः डोळे मिटावयाचे व वृद्धाने अनुकरण करावयाचे. वाक्य लिहिण्याऐवजी घराविषयी काही बोलावयाचे. बदल साधे वाटतात, परंतु निरक्षरता आणि रोग यांची फारकत त्यांनीच केली.

या अभ्यासात १९९८ साली ६५ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १.३६ टक्के आढळले. मुंबईतील २००१ च्या अभ्यासात ते २.४४ टक्के होते. पाश्चात्त्य आकड्यांच्या मानाने हे अल्पच. भारतीय वृद्ध खरोखरच सुदैवी होते काय? १९९८ मध्ये कोची येथे स्थापन झालेल्या ‘१०/६६’ या संशोधकगटाने येथेच शंका घेतली. जगातील सुमारे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत असताना त्यांच्या वाट्यास दहा टक्क्यांहूनही कमी संशोधन येते, हा त्या नावाचा अर्थ. प्रचलित निकषांनुसार ग्रामीण भारतात जेमतेम ०.३ टक्के प्रमाण दिसले. गटाच्या स्वतःच्या निकषांनी ते कितीतरी पट भरले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमागील एक कारण लक्षणीय आहे. ज्या घरात वृद्धाकडून कामाची अपेक्षाच नसते, तेथे नातेवाईक ऱ्हास सांगत नाहीत. ती म्हण येथे आकडेवारीतच शिरलेली होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजाने ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, भारतीयांस हा विकार असल्याचे दाखविले.

‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगे १४ जोखीम-घटक नोंदविले. अल्पशिक्षण, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा हे त्यांतील काही. यंत्रमागाच्या खडखडाटात श्रवणशक्ती गमावणारा कामगार आणि लहानपणीच विडी वळावयास बसलेली, शाळा दुरावलेली स्त्री, हे दोघेही सोलापूरला परके नाहीत. उलटपक्षी, सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी हैदराबादेत ६४८ रुग्णांवर केलेल्या २०१३ च्या अभ्यासात द्विभाषिकांमध्ये रोग सरासरी साडेचार वर्षे उशिरा प्रकटल्याचे आढळले. निरक्षरांतही तसेच दिसले. घरी तेलुगू व बाजारात मराठी बोलणाऱ्या सोलापूरकरास हे वाचून समाधान वाटेल, परंतु इतरत्र झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. बहुभाषिकतेस कवचकुंडले समजणे घाईचे ठरेल.

चाचणी कोणत्या भाषेत घ्यावयाची, हा प्रश्न मात्र या शहरात रोजचाच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा बोधनक्षमता-चाचणीसंच २०२० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित झालेला होता. सोलापुरातील तेलुगू आणि कन्नड भाषक वृद्धांची सोय त्यात झाली; त्यांच्या मराठी शेजाऱ्यांची झाली नाही.