भान होतं की नव्हतं?

"मी भानावरच नव्हते" असं आपण सहज बोलून जातो. पण हातून कुणाचा जीव गेला, तर कोर्ट हे ऐकून घेतं का?

१८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधानांच्या सचिवाला गोळी घातली. सत्ताधारी आपल्या पाठी लागलेत, असा भ्रम त्याला जडला होता. ज्युरीनं त्याला निर्दोष ठरवलं, रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. लोक खवळले. तेव्हा न्यायाधीशांनी कसोटी घालून दिली: आपण काय करतोय, ते चूक आहे, हे त्याला कळत होतं का? तसंच कलम, ८४ वं, १८६० च्या भारतीय दंड संहितेत आलं. आपली देवणी तेव्हा निजामाच्या राज्यात, आपल्याला ही संहिता १९५१ साली लागू झाली. आता ते न्याय संहितेचं कलम २२ आहे.

मनाच्या तळाशी काय दडलंय ते डॉक्टर शोधतात. कोर्ट तेवढं खोल उतरत नाही. त्या घटकेला कळत होतं का, एवढंच बघतं. आणि ते दाखवायचं काम आरोपीकडं.

महाराष्ट्रातलाच खटला घ्या. १९९४ साली एका पोलीस शिपायानं बायकोच्या डोक्यात वाटणाचा दगड घातला. पळाला नाही, लपला नाही. जन्मठेप झाली. २००२ साली सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं. वडिलांनाही मनाचा आजार होता, त्याच्यावर आधीपासून उपचार चालू होते, घटनेनंतर काही महिन्यांत २५ वेळा त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. स्किझोफ्रेनिया. आपल्याकडं याला भानामती म्हणून मांत्रिक गाठला असता, आणि मांत्रिक काही केसपेपर देत नाही. आम्हाला मात्र राहून राहून ती बायको आठवते. आजार माहीत असलेल्या घरात ती एकटीच त्याच्यासोबत होती का, हे कुणी विचारलं असेल?

१९५३ चा मध्य भारतातला खटला वेगळा. नणंदेशी भांडून एक बाई लेकरांसकट विहिरीत उतरली. ती वाचली, लेकरं गेली. हायकोर्टानं खुनाची दोषी धरलं. जाच, भांडण, जिवाचा वैताग म्हणजे कायद्याच्या लेखी वेड नव्हे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं एवढं केलं, की जीव द्यायला निघालेली बाई मोठ्या ताणाखाली होती असं आधीच धरायचं, तिच्यावर खटला नाही, उपचार करायचे. पण सोबत लेकरू गेलं, तर त्या लेकरापुरता प्रश्न पुन्हा १८४३ चाच. म्हणून विहिरीकडं बघत बसणारी बाळंतीण दिसली, तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर त्याच दिवशी लावा.