न पेटलेल्या भिवंडीची गोष्ट

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर बंद पडला की कारणांचा रिपोर्ट लिहावा लागतो. जो दिवस सुरळीत गेला, त्याचा रिपोर्ट कुणी मागत नाही. इतिहासाचंही असंच आहे. भिवंडी म्हटलं की १९७० आणि १९८४ च्या दंगली आठवतात. १९९२ सहसा कुणाला आठवत नाही, कारण तेव्हा इथे दंगल झाली नाही.

७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग बसला. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटलं आणि ती आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. ‘तिथले लोकच तसे’ हे त्यावरचं सोपं उत्तर.

शिकागोच्या क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी हे उत्तर १९४२ सालीच खोडून काढलं होतं. त्यांना दिसलं की काही वस्त्यांमधले लोक बदलले, नवे स्थलांतरित आले, तरी पोरांच्या गुन्हेगारीचं प्रमाण चढंच राहिलं. म्हणजे दोष माणसांच्या रक्तात नव्हता. गरिबी, सततची ये-जा आणि शेजाऱ्याशी नसलेली ओळख, यातून वस्तीचा स्वतःवरचा ताबा सुटतो. मग टोळ्या फोफावतात.

यंत्रमागांची भिवंडी या वर्णनात चपखल बसते. परप्रांतातून आलेले कामगार, दाटीच्या खोल्या, बेभरवशाची मजुरी. या हिशेबाने बाबरी मशीद पडल्यावर भिवंडी पेटायलाच हवी होती. त्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईत ९०० माणसं मेली. भिवंडी शांत राहिली.

मधल्या काळात काय बदललं होतं? गरिबी तीच होती, गर्दीही तीच. पण १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि स्थानिक पोलीस नियमित एकत्र बसत, बारीकसारीक भांडणं तिथेच मिटवत. त्यामुळे अफवा उठली तर खरंखोटं कुणाला विचारायचं, हे ठाऊक होतं.

१९९७ मध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्या तपासून हेच मांडलं: जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास असतो आणि वेळ आल्यावर मध्ये पडायची तयारी असते, तिथे गरिबी असूनही हिंसा कमी होते. भिवंडीने ते आधीच करून दाखवलं होतं.

पण हा विश्वास एकदा कमावला की कायमचा टिकत नाही. जुलै २००६ मध्ये क्वार्टर गेटजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून संघर्ष झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, मग जमावाने दोन पोलिसांना मारलं. या वेळी भांडण दोन धर्मांत नव्हतं, वस्ती आणि पोलीस यांच्यात होतं. कमिट्यांनी नेमकं हेच नातं जोडलं होतं.

म्हणून शांततेच्या दिवसांचाही रिपोर्ट लिहायला हवा. दंगल थांबवणाऱ्या बैठका दंगल नसतानाच घ्याव्या लागतात.