'सफायर्स'मधल्या व्हिएतनामला न गेलेल्या दोघी

मंडळी, सुट्टीत काय बघू असं विचारणाऱ्यांना मी बिनधास्त 'द सफायर्स' सांगतो. २०१२चा ऑस्ट्रेलियन सिनेमा, दिग्दर्शक वेन ब्लेअर. गावच्या पबमधल्या गाण्याच्या स्पर्धेत आदिवासी मुली गातात आणि गोरं पब्लिक नाकं मुरडतं. तिथेच एक दारुडा आयरिश माणूस त्यांचा मॅनेजर होतो. कंट्री गाणी सोडून सोल गायला लावतो आणि १९६८ साली चौघींना थेट व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांपुढे उभं करतो. बघताना पाय आपोआप ताल धरतात. मस्त सिनेमा आहे, वादच नाही.

पण 'सत्यकथेवर आधारित' अशी पाटी दिसली की आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात शिवशिवतो.

खरा ग्रुप तिघींचा होता. लॉरेल रॉबिन्सन, बेव्हर्ली ब्रिग्ज आणि नाओमी मेयर्स. मेलबर्नमधल्या हॉटेलांत, क्लबांत, पार्ट्यांत गायच्या. न्यूझीलंडच्या एका माओरी बँडबरोबर त्यांचा कार्यक्रम झाला होता, त्याच बँडने व्हिएतनामला बोलावलं. तेही मागून साथ द्यायला, मुख्य गायिका म्हणून नाही. बेव्हर्ली आणि नाओमी चक्क नाही म्हणाल्या, कारण त्यांचा या युद्धालाच विरोध होता. मग लॉरेलने आपली बहीण लोइसला सोबत घेतलं. म्हणजे पडद्यावर गेल्या चार, प्रत्यक्षात गेल्या दोन.

लॉरेलचा मुलगा टोनी ब्रिग्ज. त्याने २००४ मध्ये घरच्या या गोष्टीवर नाटक लिहिलं, त्याचाच पुढे सिनेमा झाला. त्याला मी दोष देणार नाही. घरी बसलेल्या दोन बायकांवर गाणी कुठून चढवणार? तरी माझं मन त्या दोघींपाशीच अडकलं. तेव्हा ऑस्ट्रेलियाचं स्वतःचं सैन्य व्हिएतनाममध्ये लढत होतं, वीस वर्षांच्या पोरांच्या जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून सक्तीची भरती चालली होती. अशा वेळी गरीब समाजातल्या, गाण्यावर पुढे येऊ पाहणाऱ्या मुलींनी परदेशाची संधी सोडायची, हे सोपं नव्हतं.

ही माणसं योर्टा योर्टा समाजाची. सिनेमातल्या मुलींचं घर दाखवलंय ते कमेरागंजा, मरे नदीकाठची सरकारी वसाहत. तिथे रेशन अपुरं, मॅनेजरची दंडेली. ४ फेब्रुवारी १९३९ ला जॅक पॅटन या कार्यकर्त्याच्या हाकेवर दोनशेच्या आसपास माणसं बिऱ्हाडं उचलून नदीपार निघून गेली. पॅटनला अटक झाली. त्याच्या दोनच महिने आधी याच समाजाचे विल्यम कूपर मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर निषेधपत्र घेऊन गेले होते. कशाचा निषेध? जर्मनीत ज्यूंवर चाललेल्या अत्याचारांचा! स्वतःच्या देशाच्या जनगणनेत ज्यांचं डोकं धरत नव्हते ती माणसं. वकिलातीने आत घेतलं नाही, ते सोडा.

जनगणनेतलं हे कलम १९६७ च्या सार्वमताने गेलं. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'हो' म्हटलं. त्याआधी आदिवासींची नोंद कायद्याने झाडाझुडपांत आणि प्राण्यांत व्हायची, असं सांगणारे फॉरवर्ड फिरतात. ते खोटं आहे, पुढे ढकलू नका. खरं होतं तेच पुरेसं वाईट होतं.

बरं, सिनेमा अमेरिकेत डीव्हीडीवर आला तेव्हा काय झालं माहितीय? कव्हरवर पुढे मोठा दिसतो तो आयरिश मॅनेजर, आणि चौघी मागे, निळ्या रंगात विरलेल्या. ज्यांच्या नावाचा सिनेमा त्याच मागे! ओरड झाली, सह्यांची मोहीम झाली, खुद्द तो नट क्रिस ओ'डाउड चिडला, शेवटी कंपनीने माफी मागितली.

आणि नाओमी? १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी आदिवासींसाठी दवाखाना काढला. समाजाच्या स्वतःच्या ताब्यातला ऑस्ट्रेलियातला तो पहिला. तीस वर्षांहून जास्त काळ तो नाओमीने चालवला. व्हिएतनामला गेलेली लोइस पुढे आदिवासी मुलींच्या निवासी शाळेची प्रमुख झाली. सिनेमा १९६८ मध्येच थांबतो, त्यामुळे यातलं काही त्यात घडताना दिसत नाही. रेडफर्नचा तो दवाखाना मात्र आजही चालू आहे.