पाचव्या चाकाची कुळकथा

पहिल्या मोटारींना जादा चाक नव्हते, कारण त्यांचे कुठलेच चाक रस्त्यात काढता येण्याजोगे नव्हते. लाकडी आऱ्यांचे जड चाक आसावर पक्के बसवलेले असे. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप यांनी हवेचा टायर सायकलीसाठी आणला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी तो मोटारीवर चढवून दाखवला. हादरे कमी झाले, पण पंक्चर नावाचे नवे दुखणे मागे लागले. त्या काळचे रस्ते घोड्यांच्या नालांतून गळलेल्या खिळ्यांनी भरलेले होते. हवा गेली की चाक जागेवर ठेवूनच पट्ट्यांनी टायर उचकटायचा, ट्यूब बदलायची आणि हातपंपाने हवा भरायची. त्यामुळे मोटारीवर लटकवलेले असत ते नुसते टायर आणि ट्यूब.

या खटपटीवरचा पहिला धंदेवाईक उपाय वेल्समधल्या लानेल्ली गावी निघाला. थॉमस मॉरिस डेव्हिस आणि त्यांचे भाऊ वॉल्टर यांनी १९०४ मध्ये आरे नसलेली, टायर चढवून हवा भरलेली लोखंडी कडी तयार केली. पंक्चर झालेले चाक न काढता ही कडी त्याच्या बाहेरच्या अंगाला पकडींनी आवळायची आणि पुढे निघायचे. गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून तिला नाव मिळाले आणि भारतात आजही जादा चाकाला स्टेपनीच म्हणतात, जरी आजच्या चाकाचे मूळ कडीशी फारसे साम्य उरलेले नाही. कडी अधू चाकाच्या रिमला धरून बसत असल्याने ती त्या रिमच्या मापाचीच असावी लागे. जादा चाक मोटारीला ‘बसते’ की नाही, हा प्रश्न असा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

पुढची पायरी शर्यतीने गाठली. जून १९०६ मध्ये ल मां येथे झालेल्या पहिल्या फ्रेंच ग्राँ प्रीमध्ये दुरुस्तीचे काम फक्त चालक आणि त्याच्या सोबतच्या मेकॅनिकने करायचे, असा नियम होता. मिशलँने तिथे सुटी होणारी रिम आणली. काही नट सोडायचे, टायरसकट रिम उतरवायची, हवा भरलेली दुसरी चढवायची. पाव तासाचे काम तीन-चार मिनिटांवर आले. ही रिम वजनदार होती आणि मोटारीच्या वजनाला १००० किलोंची मर्यादा होती, म्हणून काही संघांना ती वापरताच आली नाही. फेरेंत्स सिस याने रेनो मोटारीवर ती शर्यत जिंकली, त्यात या रिमचा वाटा मोठा होता.

पण क्रीडामोटारीच्या पाचव्या चाकाचा खरा मूळपुरुष म्हणायचा तो कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीतला जॉन प्यू. त्याने रिमऐवजी अख्खे चाकच सुटे केले. हबच्या बाहेर दातेरी खाचा, चाकाच्या आतल्या नळकांड्यात त्यांच्याशी जुळणाऱ्या खाचा, आणि सगळ्यांवर मध्यभागी एकच मोठा नट. इंजिनाची आणि ब्रेकची ताकद खाचा वाहून नेतात, नट फक्त चाक जागेवर धरून ठेवतो. नटाला दोन-तीन पंख असतात, त्यांवर मऊ धातूच्या हातोडीचे घाव घातले की तो सुटतो किंवा आवळतो. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून मोटारीच्या डाव्या बाजूला उजवे आटे आणि उजव्या बाजूला डावे आटे ठेवतात. आटे हबवर आणि नटात असतात, चाकात नसतात, त्यामुळे एकच जादा चाक दोन्ही बाजूंना चालते. १९०८ च्या फ्रेंच ग्राँ प्रीला नेपियरने अशी चाके लावून उतरायचे ठरवले, तर आयोजकांनी ती नामंजूर केली आणि नेपियरने माघार घेतली. एखाद्या युक्तीला याहून मोठी शाबासकी क्वचितच मिळते.

चाक सुटे झाले, आता ते ठेवायचे कुठे? प्रवासी मोटारीत जागेची ददात नसते, क्रीडामोटारीत ती पहिल्यापासून असते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या एमजी टीसीने १९ इंची चाक पेट्रोलच्या टाकीमागे उघड्यावर बांधले. ट्रायम्फ टीआर२ ने डिकीखाली वेगळ्या दाराचा कप्पा काढला. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपने डिकीच्या तळाखाली खळगा केला, फियाट एक्स १/९ ने चाक आसनामागे उभे केले, लँबोर्गिनी मिउराने पुढच्या झाकणाखाली आडवे टाकले. या सगळ्या जागा त्या काळच्या अरुंद टायरचे माप घेऊन बेतलेल्या आहेत. आज अनेक मालक हौसेने रुंद चाके लावतात आणि चार जागी ती शोभतातही, पाचवे मात्र खळग्यात उतरत नाही किंवा झाकण वर उचलते. म्हणून जादा चाकाच्या निवडीची सुरुवात खळग्याची खोली आणि व्यास मोजण्यापासून करावी, दुकानापासून नव्हे.

त्यानंतर हब. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक बनलेली एमजीबी हे इथले उत्तम उदाहरण आहे. ती पत्र्याच्या चाकांवरही मिळे आणि तारेच्या आऱ्यांच्या चाकांवरही, दोन्ही १४ इंची. पण पत्र्याचे चाक चार नटांवर बसते, आऱ्यांचे मधल्या खाचांवर. दोघांचे हब निराळे आणि मागच्या आसाची लांबीही निराळी. त्यामुळे एका प्रकारच्या गाडीचे चाक दुसऱ्या प्रकारच्या गाडीत जादा म्हणून ठेवणे व्यर्थ आहे. नटांवर बसणाऱ्या चाकांत नटांची संख्या, ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, मधल्या भोकाचे माप आणि रिमच्या मध्यापासून बसणीचे अंतर, ही चारही जुळावी लागतात. शेवटचे चुकले तर चाक बसते, पण ब्रेकला किंवा चिखलरोधकाला घासते. नटाची बैठकही पाहावी: काही शंकूच्या आकाराची असते, काही गोलाकार. मिश्रधातूच्या जाड चाकासाठी केलेले लांब दांड्याचे नट पत्र्याच्या पातळ चाकाला आवळतच नाहीत. अशा गाडीत पत्र्याचे जादा चाक ठेवायचे, तर त्याचे नटही सोबत ठेवावे लागतात. पंखांच्या नटाचीही एक गंमत आहे. पादचाऱ्याला इजा होईल म्हणून अमेरिकेने १९६८ पासून पंख वर्ज्य केले, तेव्हा तिकडे जाणाऱ्या गाड्यांना गुळगुळीत नट आले. त्यांना हातोडी चालत नाही, खास पाना लागतो. तो पाना डिकीत नसेल तर जादा चाक हे निव्वळ ओझे.

टायरची भाषा हा खरा फसवा भाग. ई-टाइपला सुरुवातीला ६.४०-१५ मापाचा क्रॉसप्लाय (आतल्या धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे असलेला) टायर होता: रुंदी ६.४० इंच, रिम १५ इंच. त्यात टायरच्या बगलेची उंची लिहीतच नसत, कारण ती जवळपास रुंदीइतकीच धरलेली असे. मिशलँने १९४६ मध्ये पेटंट घेतलेला रेडियल (धागे काठापासून काठापर्यंत सरळ असलेला) टायर पुढे रुळला, रुंदी मिलिमीटरमध्ये आली आणि ई-टाइपला १८५ मापाचे १५ इंची रेडियल लागू लागले. यातही बगल अध्याहृतच होती, रुंदीच्या सुमारे ८२ टक्के. आजचा दुकानदार १८५ आणि १५ हे आकडे ऐकून १८५/६५ आर १५ (बगल रुंदीच्या ६५ टक्के) पुढे करतो, कारण अनेक छोट्या मोटारींना तोच लागतो. हिशेब केला तर जुन्या मापाचा व्यास सुमारे ६८४ मिलिमीटर आणि या टायरचा ६२१ येतो. म्हणजे दर किलोमीटरमागे हे चाक पन्नासेक फेरे जास्त मारणार. पुढच्या आसाला ते ओढ देईल. मागच्या आसाला लावले तर प्रकरण गंभीर, कारण ई-टाइपमध्ये पॉवर-लॉक हे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल होते. त्यातल्या चकत्या दोन चाकांच्या वेगातला फरक रोखायला असतात, आणि इथे तो फरक सरळ रस्त्यावरही संपत नाही. चकत्या तापतात आणि झिजतात.

क्रॉसप्लाय आणि रेडियल एका आसावर कधीच एकत्र लावू नयेत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय ही जोडी तर सर्वांत धोक्याची, कारण वळणावर मागची पकड आधी सुटते. चार रेडियलांसोबत डिकीत जुना क्रॉसप्लाय पडून असेल, तर तो केवळ प्रदर्शनापुरता. वेगाचे अक्षरही विसरू नये: जुन्या खुणांत एसआर म्हणजे ताशी १८० किलोमीटर, एचआर म्हणजे २१०, व्हीआर म्हणजे त्याहून जास्त.

न वापरलेले चाक नवे असते, हा समज खोटा आहे. रबर उभ्या उभ्या कडक होते आणि बगलेवर बारीक भेगा पडतात. टायर गोटा झालेला नाही, नक्षी शाबूत आहे, म्हणून तो चांगला ठरत नाही. २००० पासून बगलेवर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष छापतात. आकडे तीनच असतील तर टायर गेल्या शतकातला आहे आणि त्यावर चर्चा नको. आऱ्यांच्या चाकात ट्यूब आणि रिमपट्टीही तपासावी, कारण आऱ्यांची टोके रिमच्या आत निघतात आणि पट्टी कुजली की ट्यूबला आतूनच भोक पाडतात.

पाचही चाके एकसारखी, हा नियम १९७० च्या दशकात मोडला. १९७३ च्या पोर्श कॅरेरा आरएस २.७ ला पुढे सहा इंच आणि मागे सात इंच रुंद रिम होत्या. एकच जादा चाक दोन्हीकडे तंतोतंत बसणे अशक्य झाले. तोडगा अमेरिकेत आधीच निघाला होता: बी. एफ. गुडरिचचा घडी पडणारा टायर १९६७ च्या पाँटिअॅक फायरबर्डला मिळत असे, तो जागेवर फुगवून हळू चालवत गॅरेज गाठायचे. पोर्शनेही ९११ ला तसाच टायर आणि सिगारेट-लायटरवर चालणारा पंप दिला. अशा गाडीत जाड चाक कोंबण्यापेक्षा मूळ जातीचा घडीचा टायर नव्याने मिळवणे बरे.

त्यानंतर जादा चाक काढूनच टाकण्याकडे कल वाढला. भारतात २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना जादा चाक ठेवण्यातून सूट मिळाली, मात्र ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असला तरच. आऱ्यांच्या चाकाची जुनी क्रीडामोटार यातल्या पहिल्याच अटीला अडते. तिच्या टायरात ट्यूब आहे, आणि संचातला चिकट द्रव ट्यूबलेस टायरच्या जाड पट्ट्यातले भोक बुजवण्यासाठी केलेला असतो, फाटलेल्या ट्यूबचे तो काही करू शकत नाही.