वळवाचे घोंगडे

१८१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये मन्रोने वेढा घालून बेळगावचा किल्ला पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. मुले सन पाठ करतात. पण त्या उन्हा-वळवाच्या दिवसांत कडोलीच्या शिवारातला कुणबी अंगावर काय घेऊन निघत असेल, हे पुस्तकात नाही आणि मीही कधी सांगितले नाही.

आमच्याकडचा वैशाख मोठा लहरी. पहाटे गारवा, दुपारी अंग भाजणारे ऊन, आणि चारच्या सुमारास आभाळ काळवंडून वळीव, कधी गारांसकट. समुद्रावरची दमट हवा घाट ओलांडून तापल्या पठारावर येते, तिचा हा प्रताप. बरे, घरी बसून राहावे तर रोहिणीच्या तोंडावर भाताची धूळवाफ पेरणी उरकायची असते. सुती बंडी-मुंडासे एकदा भिजले की अंगाला चिकटून हुडहुडी भरते. तिन्ही वेळांना पुरणारे वस्त्र एकच, ते म्हणजे घोंगडे. मराठी घरात घोंगडे, कानडी घरात कंबळी. सीमेचा तंटा या वस्त्राला कधी शिवला नाही.

दख्खनी मेंढीची लोकर खरबरीत. शालीसाठी निरुपयोगी, पण पावसाला तीच बरी. धनगरणींनी सूत काढायचे, सणगराने खड्ड्याच्या मागावर विणायचे. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ कुंच्याने चढवली की सूत ताठ होते, वीण घट्ट बसते आणि पाण्याचे थेंब वरच्या वर ओघळतात. एक कोपरा दुमडून डोक्यावर घेतला की झाली खोळ. गारांचा मार ती सोसते आणि ओली झाली तरी ऊब सोडत नाही. उन्हात घडी करून डोक्यावर, झाडाखाली बसायला, रात्री पांघरायला. एवढी कामे कोणता रेनकोट करील?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. खांद्यावर घोंगडे टाकून ते गावोगाव फिरले. हे सांगताना मात्र माझा आवाज थोडा खाली येतो.

नोकरीचे पहिले वर्ष. मे संपता संपता शाळा उघडली होती. वळीव कोसळत असताना एक धनगराचा मुलगा खोळ घेऊन वर्गात आला. आतला शर्ट कोरडा ठणठणीत. ओल्या लोकरीला वास येतो, मुले हसली. मी नवा, शिस्तीचा! घोंगडे व्हरांड्यात ठेवून ये, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो खताच्या प्लास्टिक पोत्याची खोळ करून आला. पाऊस आला नव्हता, ऊन रणरणत होते. शर्ट घामाने चिंब झाला होता आणि तो पोत्याची घडी घालून, मी न सांगता, दाराबाहेर ठेवीत होता.