करणाऱ्याची दृष्टि आणि वापरणाऱ्याची दृष्टि

जिन्याची शेवटची पायरी उंच झाली आहे, हें ती बांधणाऱ्या गवंड्याच्या सहसा ध्यानांत येत नाहीं; तें कळतें पाण्याची कळशी घेऊन अंधारांत चढणाऱ्या गृहिणीस. संगणकाच्या क्षेत्रांत हें सत्य मान्य होण्यास बराच काळ लागला. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळींत तें कसें मान्य झालें, त्याची हकीकत बोधप्रद आहे.

१९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणासहि पाहतां, सुधारतां व वांटतां यावा, हें त्यांचें तत्त्व. १९९१ मध्यें हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’चा पाया घातला. देशोदेशींचे लोक आपखुषीनें या कार्यांत उतरले; पण ते बहुतेक स्वतः आज्ञावली लिहिणारे होते. जो लिहील त्याचा शब्द चालेल, असा तेथील रिवाज पडला. त्यामुळें ज्याला लिहितां येत नाहीं, त्याची अडचण सांगणार कोण?

सामान्य मनुष्यासहि या संगणकावर सहज वावरतां यावें म्हणून जर्मनींत १९९६ सालीं मॅथियस एट्रिख यांनीं ‘केडीई’ची, व १९९७ सालीं मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनीं ‘ग्नोम’ची उभारणी आरंभिली. हेतु उत्तम होता. परंतु दोन कार्यकर्त्यांचें मत जुळलें नाहीं, कीं दोन्ही रीती ठेवून निवड वापरणाऱ्यावर सोंपविण्याकडे कल असे. तंटा मिटे, पण नवख्याचा गोंधळ वाढे.

२००० सालीं सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें आपल्या संगणकांसाठीं ग्नोम स्वीकारण्याचें ठरविलें. तिच्या पदरीं वापरसुलभतेचे अभ्यासक होते. त्यांची रीत साधी : ज्यांना ही रचना अपरिचित आहे अशा माणसांस बोलवावें, नित्याचीं लहानसहान कामें सांगावीं, आणि आपण न शिकवितां नुसतें पाहावें. कर्त्यांस स्वच्छ वाटणारीं नांवें व चित्रखुणा पाहून हीं माणसें जागोजाग अडखळलीं. २००१ मध्यें तो अहवाल सर्वांसाठीं प्रसिद्ध झाला. वादानें जें साधलें नसतें, तें या प्रत्यक्ष पुराव्यानें साधलें.

पुढील वर्षीं मांडणीचे नियम लेखी स्वरूपांत सिद्ध झाले. हॅवॉक पेनिंग्टन या कार्यकर्त्यानें त्याच सुमारास असें प्रतिपादन केलें, कीं निवडीची प्रत्येक सोय फुकट मिळत नाहीं. ती तपासण्याचे श्रम आणि वापरणाऱ्याचा गोंधळ हें तिचें मोल होय. जून २००२ मध्यें निघालेल्या ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तींत अशा अनेक सोयींस कात्री लागली.

यावर जुने जाणकार रुष्ट झाले. आपल्या हातवळणाच्या सोयी नवख्यांपायीं गेल्या, ही त्यांची तक्रार अगदींच निराधार नव्हती. २००५ सालीं खुद्द टोरव्हाल्ड्स यांनींहि ग्नोमवर कठोर टीका केली : वापरणाऱ्यास मूर्ख समजून रचना केली, तर ती मूर्खांच्याच उपयोगाची राहील, असा तिचा आशय होता. २०११ मध्यें तिसऱ्या आवृत्तीनें पडद्याची मांडणीच पालटली, तेव्हां तर असंतुष्टांनीं दुसरी आवृत्ति उचलून ‘माटे’ या नांवानें स्वतंत्रपणें चालू ठेविली.

येथेंच या चळवळीचें वैशिष्ट्य दिसतें. बंदिस्त आज्ञावलींत मालक बदलील तें निमूटपणें स्वीकारावें लागतें. येथें ज्यास बदल रुचला नाहीं, त्याला जुनें जतन करण्याची मोकळीक होती. मात्र ही मोकळीक ज्याला आज्ञावली लिहितां येते त्याच्याच हातीं असते. ज्याला ती येत नाहीं, त्याच्यासाठीं नुसता मूळ मजकूर खुला असणें म्हणजे दार उघडें आणि पायरी चढतां न येण्याजोगी, अशी गत होय. ती पायरी बेताची करणें, हें त्या निरीक्षकांचें कार्य. त्यांनीं आज्ञावलीची एक ओळहि लिहिली नसली, तरी त्या स्वातंत्र्याचा लाभ अधिकांच्या घरांत पोंचविण्याचें श्रेय त्यांना दिलें पाहिजे.