इंजिनाचा कोठा

आमच्या काटोलकडच्या पट्ट्यात ज्याच्या घरी संत्र्याचा बगीचा, त्याच्या विहिरीजवळ एक बुटकी खोपडी असायचीच. चार बल्ल्या, वर कवेलू, तीन बाजूंनी कूड आणि चौथी बाजू मोकळी. पाहुणा विचारायचा, इथं राखणदार राहतो का? राहायचं डिझेल इंजिन.

आज्याच्या वेळी मोट होती. पाणी झालं की बैल कोठ्यात, मोट खुंटीवर. लोखंडाचं हे धूड मात्र रोज घरी कोण नेणार? किर्लोस्करांची ऑइल इंजिनची कंपनी पुण्यात १९४६ सालीच निघाली होती, पण आमच्या घरी इंजिन आलं ते १९७२ च्या दुष्काळानंतर. चार गड्यांनी बंडीतून उतरवलं. आज्यानं खोपडीच्या खर्चावर कुरकुर केली तेव्हा बाबा म्हणाले, "बैलाले कोठा बांधतो न आपण? मंग याले उघड्यावर काऊन ठेवाचं?"

बाबांचे नेम ठरलेले. जमीन वीतभर उंच, म्हणजे पाणी शिरणार नाही. मिरगाच्या आधी इंजिनातलं पाणी काढून टाकायचं, पट्टा उतरवून उंदरापासून दूर टांगायचा. डिझेलची टाकी मात्र भरून ठेवायची. रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी जमतं. मग हँडल फिरवत जड लागेल तिथं सोडायचं. तिथं दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ओल आत जात नाही. आणि सायलेन्सरचा पाइप कुडातून बाहेर, आभाळाकडे तोंड करून. त्यावर एक रिकामं डबडं पालथं घालायचं.

हे डबडंच मी एका वर्षी विसरलो. बाबा आजारी होते, कारभार माझ्याकडे. पावसाळाभर इंजिनाकडे फिरकलो नाही, पाऊस चांगला होता ना! भादव्यात पावसानं डोळे वटारले, ऊन कडक पडलं, मृग बहार झाडावर. हँडल लावलं तर हलेना. पाइपातून पाणी आत गेलेलं, पिस्टन स्लीव्हला गंजून धरलेला. मिस्त्री आठव्या दिवशी आला. रॉकेल सोडून, लाकडाचा ठोकळा ठेवून त्यानं पिस्टन ठोकत मोकळा केला. तोवर झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा. बाबा काठी टेकत आले, बगीच्यातून फिरले, बोलले काहीच नाही. तेच डबडं शोधून त्यांनी तारेनं पाइपाला बांधलं, हरवू नये म्हणून.

पुढं वीज आली, मोटर बसली, अन् इंजिन खोपडीत पडून राहिलं. भंगारवाला दोनदा विचारून गेला. २००५ च्या आसपास लोडशेडिंगनं जीव काढला तेव्हा त्याच म्हाताऱ्यानं बगीचा तारला. दर पंधरा दिवसांनी हँडल फिरवत होतो, म्हणून पहिल्याच दिवशी सुरू झालं.

आता तिथं पोराचा पेट्रोलवरचा फवारणी पंप अन् गवत कापायची मशीन असते. त्याचा नेम उलटा: पेट्रोल टाकीत ठेवलं की महिन्या-दोन महिन्यांत शिळं होऊन कार्बोरेटर चिकटतो, म्हणून टाकी रिकामी करूनच ठेवायची. हे मी त्याले तीनदा सांगितलं. यंदा मशीन सुरू होईना तेव्हा त्यानं कार्बोरेटर खोलला, अन् माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाबा, जुना ब्रश कुठं हाय?"